टप कापण्याआधी साल ठरवा : हॉट रॉड मॉडेलविषयी वाचकांचे प्रश्न

प्लॅस्टिकच्या किटपासून मोटारींची मॉडेल कशी जोडावीत, याविषयीचा लेख मागील अंकात प्रसिद्ध झाला. त्यानंतर आलेल्या पत्रांपैकी बरीच पत्रे एकाच प्रकारच्या गाड्यांविषयी होती : जुनी फोर्ड घेऊन, तिचे मडगार्ड काढून, टप खाली आणून आणि इंजिन उघडे ठेवून तयार केलेल्या अमेरिकन हॉट रॉड. त्यांतील निवडक प्रश्नांची उत्तरे येथे देत आहोत.

प्रश्न : १९३२ च्या फोर्डचे १/२५ प्रमाणातील किट मी प्रथमच घेतले आहे. खोक्यात दोन इंजिने आणि तीन प्रकारची चाके आहेत, शिवाय मडगार्डांसह किंवा मडगार्डांविना जोडण्याची सोय आहे. यांतून ‘खरी’ हॉट रॉड कोणती आणि कोणते भाग एकत्र वापरावेत? — एक वाचक, पुणे

उत्तर : खरी हॉट रॉड एकच नाही, प्रत्येक दशकाची वेगळी आहे. म्हणून भाग निवडण्याआधी आपली गाडी कोणत्या साली तयार झाली असे मानायचे, ते ठरवावे. खोक्यातील निम्मा गोंधळ तेवढ्यानेच मिटतो. इतके जादा भाग देण्याची पद्धतही जुनी आहे. मिशिगनमधील एएमटी कंपनीने १९५८ पासून अशी किटे बाजारात आणली, ज्यांतून कारखान्यातून निघालेली मूळ गाडी, सजवलेली गाडी किंवा शर्यतीची गाडी यांपैकी हवी ती जोडता येई, आणि पुढे इतर कंपन्यांनीही तोच रिवाज उचलला. मात्र कोणता भाग कोणत्या काळाचा, हे किटमधील सूचनापत्रक सहसा सांगत नाही.

दक्षिण कॅलिफोर्नियातील तरुण मंडळी १९३० च्या दशकात म्युरॉकसारख्या कोरड्या तलावांच्या सपाट, टणक पात्रांत जुन्या गाड्या पळवत असत आणि वेळ मोजत असत. १९३७ मध्ये सदर्न कॅलिफोर्निया टायमिंग असोसिएशन स्थापन झाली, तेव्हा या हौसेला नियमही मिळाले. मडगार्ड काढले जात ते वजन आणि हवेचा विरोध कमी व्हावा म्हणून. टप खाली आणला जाई तो समोरून हवा अडवणारा भाग लहान व्हावा म्हणून. १९३२ ची फोर्ड या मंडळींची लाडकी ठरली, कारण सामान्य माणसाला परवडणाऱ्या गाडीत व्ही-८ इंजिन तिच्यामुळे आले. ते २२१ घनइंचांचे आणि ६५ अश्वशक्तीचे होते. शिवाय तिच्या चासीच्या बाजूंवर पत्रा दाबून उठवलेली एक सुरेख रेषा होती, त्यामुळे मडगार्ड उतरवल्यावरही गाडी उघडीबोडकी दिसत नसे.

आता निवडीविषयी. गाडी १९४० च्या दशकाच्या उत्तरार्धातील मानली, तर फ्लॅटहेड (सपाट हेड असलेले फोर्डचे हेच) व्ही-८ इंजिन, त्यावर दोन किंवा तीन स्ट्रॉमबर्ग कार्ब्युरेटर, फोर्डची १६ इंची पोलादी चाके, पुढे बारीक व मागे जाड टायर, १९३९ च्या फोर्डचे थेंबाच्या आकाराचे टेललाइट आणि काळा, गडद लाल किंवा नुसत्या प्रायमरचा रंग, असा संच जमतो. फोर्डने हायड्रॉलिक ब्रेक १९३९ मध्ये दिले आणि ते काढून जुन्या गाडीला लावणे सर्रास चाले. म्हणून किटमध्ये मोठे ब्रेक ड्रम असल्यास तेच वापरावेत. शेव्हर्लेचे स्मॉल ब्लॉक व्ही-८ इंजिन १९५५ मध्ये आले, तेव्हा ते बसवताच आपली गाडी त्यापुढच्या काळातली होते. पाच आऱ्यांची मॅग चाके (हलक्या मिश्रधातूची), मागचे रुंद, खाचा नसलेले स्लिक टायर, बॉनेटच्या जागी वर आलेला सुपरचार्जर (इंजिनात जादा हवा कोंबणारे यंत्र) आणि चमकीचा रंग ही १९६० च्या दशकाची लक्षणे होत. फ्लॅटहेडच्या गाडीला मॅग चाके लावण्यास कोणाची मनाई नाही, परंतु जाणकाराची नजर तेथे अडखळते. पहिल्या मॉडेलसाठी १९४० चे दशक घ्यावे, असे माझे मत आहे. त्यात क्रोम थोडे असते, रंग सोपा असतो आणि हात जरासा चुकला तरी तलावातली धूळ म्हणून खपून जाते.

रंगाचा डबा उघडण्यापूर्वी चासी, चाके आणि बॉडी टेपने तात्पुरती जोडून गाडीची बैठक बाजूने पाहावी. हॉट रॉड नाकाकडे झुकलेली असते. पुढचा ॲक्सल किटमध्ये सांगितला आहे त्यापेक्षा २ मिमी वर बसवला, की खऱ्या गाडीचे नाक ५ सेंमी म्हणजे जवळजवळ २ इंच खाली येते. एवढा एक बदल नीट साधला, तर बाकी काहीही न कापता किटचे रूप पालटते.

प्रश्न : १/२४ प्रमाणाच्या किटमधील भाग १/२५ च्या गाडीला चालतात का? — एक वाचक, सोलापूर

उत्तर : इंजिन, चाके, सीट आणि हेडलाइट चालतात, कारण फरक फक्त चार टक्क्यांचा आहे आणि खऱ्या हॉट रॉडमध्येही हे भाग नाना गाड्यांमधून उचललेले असत. बॉडी, चासी आणि काचा मात्र चालत नाहीत. १९३२ च्या फोर्डच्या दोन ॲक्सलांमधील अंतर १०६ इंच होते. ते १/२५ मध्ये सुमारे १०७.७ मिमी आणि १/२४ मध्ये सुमारे ११२.२ मिमी भरते. साडेचार मिलिमीटरांची ही तफावत पुट्टीने बुजत नाही.

प्रश्न : तीन खिडक्यांच्या १९३२ फोर्ड कूपेचा टप ३ मिमीने खाली आणला. चारही खांब सारखेच कापले, तरी टप परत ठेवल्यावर पुढचे खांब जुळत नाहीत आणि मागेही फट राहते. माझे माप चुकले का? — एक वाचक, नाशिक

उत्तर : माप बरोबर आहे, ३ मिमी म्हणजे खऱ्या गाडीवरचे ३ इंच, आणि तो अगदी नेमस्त काप आहे. अडचण भूमितीची आहे. पुढचे खांब वर जाताना मागे कलतात, तर मागचा पत्रा वर जाताना पुढे कलतो. मधला पट्टा काढून टप सरळ खाली उतरवला, की त्याचे पुढचे पाय खालच्या खुंटांच्या मागे पडतात आणि मागची कड पुढे येते. थोडक्यात, खालच्या मापाला टप आखूड पडतो. खांबाचा कल दहा अंशांचा धरला, तरी ३ मिमी उतरवल्यावर पुढे अर्ध्या मिलिमीटरची फट राहते, आणि एवढ्या बारीक खांबाला ती पुष्कळ झाली. लोखंडी गाड्या कापणाऱ्या कारागिरांनाही हाच पेच पडे आणि त्यांनी काढलेल्या दोन्ही वाटा मॉडेलमध्ये उपयोगी पडतात.

पहिली वाट म्हणजे पुढचे खालचे खुंट मागे कलवणे. खुंटाच्या बुडाशी मागच्या अंगाने कटरने अर्ध्या जाडीपर्यंत खाच घ्यावी, खुंट हलक्या हाताने मागे वाकवावा आणि खाचेत प्लॅस्टिक जोडण्याच्या पातळ सिमेंटचा एक थेंब सोडावा. दुसरी वाट म्हणजे टप मधोमध आडवा कापून त्यात स्टायरीनची पट्टी घालणे, म्हणजे त्याची लांबी वाढते. आपल्याकडे पुढे आणि मागे दोन्हीकडे फट असल्याने मी दोन्ही उपाय थोडेथोडे करण्यास सुचवीन : पुढे खुंट कलवावेत आणि मागची फट पट्टीने भरून काढावी. जोड किमान दोन-तीन दिवस वाळू द्यावा, कारण सिमेंटने मऊ झालेले प्लॅस्टिक घाईने घासल्यास काही आठवड्यांनी त्या जागी खळगी पडते. त्यानंतरच पुट्टी आणि ४०० नंबरचा वॉटर पेपर हाती घ्यावा.

पुढच्या वेळेसाठी कापण्याच्या पद्धतीविषयीही लिहितो. ३ मिमी रुंदीची मास्किंग टेपची पट्टी सर्व खांबांवर एकाच उंचीवर, टपाला वळसा घालून चिकटवावी. खांबाची जाडी वर-खाली सारखी असेल अशीच जागा निवडावी आणि टपाच्या वळणात शिरू नये. करवतीचे पातेही प्लॅस्टिक खाते, म्हणून दोन्ही काप टेपच्या कडेवर न घेता आतल्या बाजूने घ्यावेत आणि उरलेला केसभर भाग कानशीने काढावा. कापण्याआधी टपाच्या आतून एक आडवी पट्टी तात्पुरती चिकटवली, तर मोकळा झालेला टप पिळवटत नाही. जोडताना खांबांमध्ये ०.४ मिमीचे छिद्र पाडून तांब्याच्या तारेची खुंटी बसवावी. नुसत्या सिमेंटवर उभा असलेला खांब घासताना हमखास तुटतो.

किटमधील काचा आता बसणार नाहीत. ओएचपीच्या पारदर्शक कागदातून नव्या कापाव्यात आणि फेविकॉलने लावाव्यात. फेव्हिक्विकच्या वाफेने काचेवर पांढरी धुरी धरते, म्हणून ते काचेच्या आसपासही आणू नये.

ज्यांनी अजून करवत उचललेली नाही, त्यांनी पहिला काप १९२८ ते १९३१ च्या मॉडेल ए फोर्डवर घ्यावा. तिचे खांब जवळजवळ उभे असल्याने टप फारशी कुरकुर न करता खाली बसतो. १९४९ ते १९५१ च्या मर्क्युरीच्या गोलाईदार टपाला मात्र चार-पाच मॉडेल हाताखालून गेल्याशिवाय करवत लावू नये.

प्रश्न : जुलै महिन्यात स्प्रेच्या डब्याने काळा लॅकर मारला. अर्ध्या तासात त्यावर दुधाळ पडदा आला. रंग जुना होता का? आणि पुढे मला चमकीचा लाल रंग मारायचा आहे, तो कसा मारावा? — एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : रंग जुना नव्हे, हवा ओली होती. लॅकरमधील थिनर फार वेगाने उडते आणि उडताना पृष्ठभागाची उष्णता घेऊन जाते. पृष्ठभाग दवबिंदूच्या खाली थंड झाला, की हवेतील बाष्प ओल्या रंगावरच धरते आणि तो पांढरा पडतो. गाड्या रंगवणारे कारागीर याला ब्लशिंग म्हणतात. काळ्या रंगावर ते सर्वांत जास्त दिसते, एवढेच.

झालेले नुकसान बहुधा भरून निघते. कोरडी हवा असलेल्या दिवशी त्याच लॅकरच्या थिनरमध्ये थोडा रिटार्डर (वाळणे लांबवणारे द्रव्य) मिसळून एअरब्रशने अगदी विरळ फवारा मारावा. वरचा थर क्षणभर सैल होऊन अडकलेला ओलावा निघून जातो. कोकणातल्या पावसाळ्यात शेवटचा हात मारूच नये, असे मी म्हणेन. जून ते सप्टेंबर हे महिने कापाकापी, पुट्टी आणि इंजिनासाठी ठेवावेत. थांबणे शक्यच नसेल, तर पाऊस उघडलेल्या दिवशी दुपारी रंग मारावा, कारण त्या वेळी हवेतील सापेक्ष आर्द्रता सहसा सर्वांत कमी असते. मॉडेल आधी तासभर ४० वॉटचा दिवा लावलेल्या लाकडी पेटीत ठेवावे आणि रंगवल्यावर, फवाऱ्याची वाफ पूर्ण उडून गेली की, पुन्हा तेथेच वाळवावे. डबा कोमट पाण्यात ठेवल्यास फवारा बारीक येतो. मात्र उकळते पाणी किंवा गॅसची शेगडी त्याच्या जवळपासही नसावी.

चमकीच्या लाल रंगाचे तीन थर असतात : खाली चंदेरी किंवा सोनेरी, मध्ये पारदर्शक लाल आणि वर क्लिअर, म्हणजे रंगहीन लेप. पारदर्शक लाल रंगाचा प्रत्येक हात छटा गडद करतो, म्हणून बॉडी, बॉनेट आणि दारे एकाच बैठकीत, सारख्याच हातांनी रंगवावीत; नाहीतर एक दार डाळिंबी आणि दुसरे मरून दिसते. चमकीचे कण निवडताना प्रमाण विसरू नये. ०.४ मिमीचा कण १/२५ च्या गाडीवर मारणे म्हणजे खऱ्या गाडीवर एक सेंटिमीटरचे तुकडे चिकटवणे होय. हस्तकलेच्या दुकानातील चमकी त्यामुळे बाद ठरते. अभ्रकाची बारीक पूड क्लिअरमध्ये मिसळून वापरावी. आणखी एक नियम लक्षात असू द्यावा : लॅकरवर एनॅमल चालते, एनॅमलवर लॅकर चालत नाही, खालचा थर सुरकुततो.

प्रश्न : किटमधील क्रोमचे भाग फारच झगझगीत दिसतात आणि त्यांवर साच्याच्या रेषाही आहेत. क्रोम काढता येते का? — एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : येते, आणि बऱ्याच भागांवरून ते काढावेच. हा थर निर्वात पोकळीत बसवलेल्या ॲल्युमिनिअमचा असतो. कपड्यांच्या साध्या क्लोरीन ब्लीचमध्ये भाग बुडवून ठेवले, तर तो थोड्याच वेळात निघून जातो. हातमोजे घालावेत, खिडकी उघडी ठेवावी आणि ब्लीचमध्ये संडास धुण्याचे आम्ल किंवा दुसरे काहीही मिसळू नये, कारण त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो. क्रोम निघाल्यावर खाली गुळगुळीत वार्निशासारखा थर उरतो; तो वॉटर पेपरने घासताना साच्याची रेषाही जाते.

त्यानंतर सगळ्यांना पुन्हा क्रोम देण्याचा मोह टाळावा. फ्लॅटहेडची ओतीव ॲल्युमिनिअमची हेड आणि मॅनिफोल्ड मंद चंदेरी असावीत, गिअरबॉक्स आणि मागचा ॲक्सल काळा किंवा राखाडी. ग्रिलची चौकट आणि हेडलाइटची कडी तेवढी चकचकीत ठेवावी. त्यांसाठी आधी चकचकीत काळा रंग देऊन तो पूर्ण वाळवावा आणि त्यावर अलक्लॅडचे क्रोम अगदी विरळ फवारावे, किंवा मोलोटोच्या क्रोम पेनाने रेखावे. पेनाचा रंग दोन-तीन दिवस बोट न लावता वाळू द्यावा. बोट लागले की झळाळी गेलीच.

प्रश्न : येथील एका जुन्या वस्तूंच्या बाजारात १९६० च्या दशकातील जोडलेले मॉडेल मिळाले. टायर चाकांना चिकटले आहेत आणि चाकांचे प्लॅस्टिक वितळल्यासारखे दिसते. ते कशाने झाले असावे? — एक वाचक, न्यू जर्सी

उत्तर : हा टायरचाच प्रताप आहे. ते मऊ व्हिनाइलचे असतात आणि त्यांना मऊ ठेवणारे द्रव्य वर्षानुवर्षे झिरपून शेजारचे स्टायरीन खाते. वितळलेली चाके पूर्ववत होत नाहीत. ती बदलावी लागतात. नवी बसवताना रिमच्या ज्या भागाला टायर टेकतो, त्यावर चिकट ॲल्युमिनिअम फॉइलची पट्टी गुंडाळावी. सुटे टायर आणि प्लॅस्टिकचे भाग एकाच पिशवीत कधीही ठेवू नयेत. जुना रंग काढायचा असल्यास प्रथम आयसोप्रोपिल अल्कोहोल वापरून पाहावे. ॲसिटोन किंवा एन.सी. थिनर लावल्यास रंगाबरोबर गाडीही जाईल.

प्रश्न : फ्लॅटहेड इंजिनाला स्पार्क प्लगच्या वायर जोडायच्या आहेत. कोणती तार घ्यावी आणि ती कोठून कोठे न्यावी? — एक वाचक, नागपूर

उत्तर : खरी वायर ७ ते ८ मिमी जाडीची असते, म्हणजे १/२५ मध्ये सुमारे ०.३ मिमी. बंद पडलेल्या इअरफोनच्या वायरीतील बारीक, रंगीत लेप असलेली तार या मापाच्या जवळ जाते आणि दिलेला आकारही धरून ठेवते.

वायर कोठून न्यायची, येथे मात्र बऱ्याच सुंदर मॉडेलांचे पितळ उघडे पडते. शेव्हर्लेच्या स्मॉल ब्लॉकचा डिस्ट्रिब्युटर (प्लगना आळीपाळीने वीज पुरवणारा भाग) इंजिनाच्या मागच्या टोकाला उभा असतो आणि प्लग बाजूंना, खाली, एक्झॉस्टजवळ असतात. फोर्डच्या १९३२ ते १९४१ च्या फ्लॅटहेडमध्ये सगळे उलट आहे. डिस्ट्रिब्युटर पुढच्या टोकाला, थेट कॅमशाफ्टच्या नाकावर बसतो, त्याच्या डोक्यावर कॉइल असते आणि प्लग हेडच्या माथ्यावर उभे असतात. वायर मोकळ्या लोंबत नाहीत; प्रत्येक बाजूच्या चार वायर धातूच्या एका नळीतून हेडलगत जातात आणि आपापल्या प्लगपाशी बाहेर येतात. ही नळी १ मिमीच्या पोकळ स्टायरीनची करावी. तिच्यातून चार तारा ओवण्याचा खटाटोप नको. डिस्ट्रिब्युटरकडच्या तोंडात चार तुकडे खोचावेत आणि प्लगच्या जागी बाजूने छिद्रे पाडून दुसरे चार तुकडे बसवावेत. मधला भाग कोणालाही दिसत नाही. प्लगवरच्या टोपीसाठी दुसऱ्या एखाद्या जाड वायरीचे प्लॅस्टिकचे आवरण मिलिमीटरभर कापून तारेवर सरकवावे.

प्रश्न : प्रीमियर पद्मिनीचे हॉट रॉड मॉडेल करण्याचा विचार आहे. मडगार्ड काढून बॉडी चासीवर खाली उतरवता येईल का? — एक वाचक, मुंबई

उत्तर : कल्पना गोड आहे, पण पद्मिनीला वेगळी चासीच नाही. तिचा मूळ आराखडा फियाट ११०० चा, आणि त्यात बॉडी व सांगाडा एकच आहेत. पुढचे मडगार्डही बॉडीचाच भाग दिसतात. जुन्या फोर्डची बॉडी बोल्ट सोडून चासीवरून उचलता येई, म्हणून तर मडगार्ड काढणे आणि बॉडी चासीवर खाली सरकवणे हे प्रकार रुळले.

आपल्यापुढे दोन मार्ग आहेत. एक म्हणजे हॉट रॉडऐवजी कस्टम करावी : गाडी खाली बसवावी, दारांच्या मुठी आणि बॉनेटवरची पट्टी काढून जागा बुजवाव्यात, बंपर बारीक करावेत. पद्मिनीच्या गोलसर बांध्याला हे शोभते. दुसरा मार्ग अमेरिकेतील ड्रॅग शर्यतींनी दाखवला आहे. तेथे इटलीच्या चिमुकल्या फियाट टोपोलिनोची हलकी बॉडी घेऊन ती स्वतंत्र, मजबूत चासीवर प्रचंड व्ही-८ इंजिनामागे बसवत. पद्मिनीची बॉडीही तळ कापून काढून स्टायरीनच्या नळ्यांच्या चासीवर चढवता येईल; इंजिनासाठी इंजिन आणि सीट यांमधला आडवा पत्रा काही मिलिमीटर मागे न्यावा लागेल आणि मागची चाके मोठी घेतल्याने कमानीही कापाव्या लागतील. रस्त्यावरच्या खऱ्या गाडीवर मात्र हे करू नये. मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ असे मूलभूत बदल करू देत नाही.

चासीची लांबी ठरवण्याआधी बॉडी, इंजिन आणि चारही चाके कागदावर बाजूच्या दृश्यात १/२५ मापाने रेखाटावीत. चालकाची सीट आणि मागचा ॲक्सल एकमेकांच्या जागेत घुसतात का, ते त्या रेखाटनावरच कळते. घुसत असतील, तर सीट पुढे न आणता ॲक्सल मागे न्यावा.